ट्रॅक्टरला बॅकहो जोडावा, जेसीबी भाड्याने आणावा की छोटा पोकलेन घ्यावा?

मुरबाड, शहापूर किंवा भिवंडीकडे ज्याच्या दारात पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे आणि भाताची कामे उरकल्यावर तो बराच काळ रिकामा उभा असतो, त्याला मागे बॅकहो (खोदकामाची बकेट लावलेली यांत्रिक भुजा) जोडून ठाणे-नवी मुंबईतील पाइपलाइनच्या चरांची कामे घ्यावीत असे वाटणे स्वाभाविक आहे. त्याच्यासमोर आणखी दोन मार्ग असतात: गरजेपुरता जेसीबी ताशी भाड्याने बोलावणे, किंवा तीन टनांच्या आसपासचा, साखळीवर चालणारा छोटा पोकलेन विकत घेणे. (जेसीबी आणि पोकलेन ही मुळात कंपन्यांची नावे असली, तरी साइटवर कोणत्याही कंपनीच्या यंत्राला हेच म्हणतात, म्हणून येथेही तीच वापरली आहेत.) गटारे आणि पाण्याच्या वाहिन्यांच्या कामांवर देखरेख करताना ही तिन्ही यंत्रे मी जवळून पाहिली आहेत. निवड करणारे बहुतेक जण किंमत आणि अश्वशक्ती यांपासून सुरुवात करतात. माझ्या मते त्याआधी जमीन कोणती आहे आणि बॅकहो ट्रॅक्टरला कशाने जोडला आहे, हे पाहिले पाहिजे.

आपल्याकडची जमीन चार-पाच किलोमीटरच्या अंतरात पार बदलते. ऐरोलीपासून वाशीपर्यंत खाडीच्या कडेने काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी माती लागते, तर पारसिक डोंगराच्या पायथ्याशी महापे-तुर्भ्याकडे थोड्याशा मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ असतो. बकेट जमिनीला जितक्या जोराने ओढते, तितक्याच जोराने जमीनही यंत्राला चराकडे ओढते, त्यामुळे खोदण्याची खरी ताकद शेवटी यंत्राच्या वजनावर अवलंबून असते. दोन टनांच्या आसपासचा ट्रॅक्टर कडक मुरमात मागे घसरू लागतो; साडेसात टनांच्या घरातला जेसीबी तेथे निवांत खोदत राहतो. मऊ माती आणि सैल मुरूम यांत, दीड-पावणेदोन मीटरपर्यंतच्या चरासाठी ट्रॅक्टरचा बॅकहो उत्तम काम देतो. कातळ लागला तर ब्रेकर (कातळ फोडणारा यांत्रिक हातोडा) लावलेले यंत्र बोलवावे. बकेटच्या दातांनी कातळ उचकटण्याच्या हट्टापायी पिन-बुश (सांध्यांतल्या पिना आणि त्यांची नळकांडी) आणि बूम (भुजेचा यंत्राकडचा मोठा भाग) दोन्ही खराब होतात.

जेसीबी साडेचार मीटरपेक्षा खोल जातो आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी स्वतःच्या चाकांवर पोहोचतो, पण त्याची रुंदी सुमारे सव्वादोन मीटर असल्यामुळे घणसोली किंवा कोपरखैरणे गावठाणातील गल्लीत तो शिरला, तरी वळत नाही. तेथे दीड मीटर रुंदीचा छोटा पोकलेन सरस ठरतो, कारण त्याचा वरचा भाग पूर्ण ३६० अंशांत फिरतो; ट्रॅक्टर आणि जेसीबी यांच्या मागच्या बूमला साधारण अर्धवर्तुळच मिळते. मात्र पोकलेनला प्रत्येक कामासाठी ट्रकवर चढवून न्यावे लागते, आणि छोट्या-छोट्या कामांत हा वाहतूक खर्चच नफा खाऊन टाकतो.

आता जोडणीकडे येतो, कारण या आढाव्यातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे आणि दुकानात त्याबद्दल सर्वांत कमी विचारले जाते. ट्रॅक्टरचा बॅकहो दोन पद्धतींनी बसवतात. एका पद्धतीत तो नांगराप्रमाणे थेट थ्री-पॉइंट लिंकेजवर, म्हणजे अवजारे जोडण्याच्या मागच्या तीन दांड्यांवर, टांगतात. दुसऱ्या पद्धतीत ट्रॅक्टरच्या पोटाखालून मागच्या धुरीपासून पुढपर्यंत जाणारी लोखंडी सबफ्रेम बसवून बॅकहो तिच्यावर पक्का करतात. पहिली पद्धत स्वस्त आणि सुटसुटीत आहे, परंतु ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लिफ्ट वजन वर उचलू शकते, खाली दाबून धरू शकत नाही. बकेट कठीण जमिनीवर दाबली गेली, की सगळा बॅकहो लिंकेजवर वर उचलला जाऊ शकतो, आणि त्यातच टॉपलिंक (या तिघांतला वरचा दांडा) वाकली किंवा तुटली, तर बॅकहोच्या सीटवर बसलेला माणूस बॅकहो आणि ट्रॅक्टरची मागची बाजू यांच्यामध्ये चिरडला जाण्याचा धोका असतो. शिवाय खोदण्याचे सर्व झटके टॉपलिंकमार्गे ट्रॅक्टरच्या मागच्या बिडाच्या हाउसिंगवर येतात आणि त्याला तडा गेल्यास दुरुस्ती फार महागात पडते. सबफ्रेममुळे हेच बळ पूर्ण ट्रॅक्टरवर वाटले जाते. म्हणून सबफ्रेमविना मिळणारा बॅकहो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. त्यापेक्षा भाड्याचा जेसीबी शतपटींनी बरा.

जेसीबी आणि पोकलेन यांचा पंप यंत्रातच बंदिस्त असतो, ट्रॅक्टरच्या बॅकहोला मात्र तो बहुधा पीटीओवर, म्हणजे इंजिनच्या ताकदीने ट्रॅक्टरच्या मागे फिरणाऱ्या दांड्यावर, चालवावा लागतो. हा दांडा मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे फिरतो, आणि गळ्यातला पंचा किंवा पावसाळी कोटाची सैल कड त्यात अडकली, तर हात आखडून घेण्याइतकाही वेळ मिळत नाही. त्यावरचे संरक्षक आवरण कधीही काढू नये आणि जमिनीवर उभे राहून लिव्हर ओढू नयेत.

कामाची पद्धत वेग आणि सुरक्षितता दोन्ही ठरवते. प्रथम पुढचा लोडर असल्यास तो जमिनीवर टेकवावा, मग दोन्ही बाजूंचे स्टॅबिलायझर (यंत्र स्थिर ठेवणारे आधाराचे पाय) पक्क्या जमिनीवर, आणि खाडीच्या मातीत जाड फळ्यांवर, असे टेकवावेत की चाकांवरचा भार कमी होईल आणि यंत्र आडवे समपातळीत राहील. इंजिनचा वेग स्थिर ठेवून बूमऐवजी मुख्यतः आर्म (बूम आणि बकेट यांमधला भाग) आत ओढून पातळ थर काढत जावे आणि शेवटी बकेट वळवून भरून घ्यावी; नवा ऑपरेटर एकाच घासात बकेट भरायला जातो, तेव्हा ट्रॅक्टर हिसके खातो, तेल तापते आणि तासाभरात काम उलट कमीच होते. चराची भिंत बकेटने आडवी रेटून चर रुंद करू नये, कारण बूम फिरवणारे सिलिंडर आणि पिना त्या आडव्या भारासाठी नसतात. उतारावर भरलेली बकेट वरच्या बाजूला रिकामी करावी. स्टॅबिलायझरखालची माती खोदून आणखी थोडे मिळवण्याचा मोह येतो, पण तेथेच यंत्र कलते. फिरणाऱ्या बूमच्या टप्प्यात हेल्परसुद्धा नको, आणि विजेच्या तारांपासून बूम किमान तीन मीटर दूर राहील अशीच जागा निवडावी.

चर दीड मीटरपेक्षा खोल झाला, की आयएस ३७६४ या भारतीय मानकाप्रमाणे त्याच्या बाजूंना फळ्या-टेकूंचा आधार द्यावा. काढलेली माती काठापासून किमान दीड मीटर किंवा चराच्या निम्म्या खोलीएवढ्या अंतरावर, यांपैकी जे जास्त असेल तितकी दूर टाकावी. एक घनमीटर ओली माती सुमारे १.८ टन भरते. ती अंगावर आली तर छातीला श्वास घेता येत नाही. ऐरोलीकडे एका कामावर भरती-ओहोटीच्या पाण्याने काठ सकाळी ओला आणि दुपारी भेगाळलेला झालेला मी पाहिला. माणसे जेवायला वर आली असतानाच काठाचा मोठा तुकडा आत कोसळला. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीनंतर चरात उतरण्याआधी काठाची पाहणी हा माझा नियम झाला आहे. या बाबतीत तिन्ही यंत्रे सारखीच आहेत, उलट जड जेसीबी काठावर अधिक भार टाकतो.

शहरातील रस्त्यांखाली महावितरणच्या केबल, गॅस आणि पाणी यांच्या वाहिन्या एकमेकांच्या अंगावरून गेलेल्या असतात. केंद्र शासनाने मार्च २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘कॉल बिफोर यू डिग’ या ॲपवर आधी कळवावे आणि खुणा झाल्या तरी शेवटची मीटरभर जागा फावड्याने उघडून पाहावी. अशा नाजूक जागी सराईत ऑपरेटरच्या हातातला छोटा पोकलेन मला सर्वांत सुरक्षित वाटतो, कारण त्याची हालचाल हळुवार करता येते आणि चालक खोदण्याच्या जागेकडे सरळ तोंड करून बसतो.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात. शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर कंत्राटी कामावर वापरायचा असेल, तर नोंदणी आणि विमा यांबाबत आरटीओ व विमा कंपनी यांच्याकडून लेखी खुलासा घेतल्याशिवाय काम स्वीकारू नये. वर्षाकाठी खोदकामाचे दिवस दोन महिन्यांपेक्षा कमी भरत असतील, तर मी भाड्याचाच सल्ला देईन. त्याहून जास्त काम आहे, जमीन मऊ आहे आणि चर उथळ आहेत, तर सबफ्रेमसह ट्रॅक्टरचा बॅकहो परवडतो.

जुना बॅकहो बघायला गेलात, तर इंजिन तापू द्या, भरलेली बकेट उचलून इंजिन बंद करा आणि बूमखाली कोणी नाही याची खात्री करून अर्धा तास लांब थांबा. बूम ठळकपणे खाली आला, तर सिलिंडरच्या सील किंवा व्हॉल्व्ह गेलेले आहेत. नंतर आर्म हाताने हलवून पिन-बुशांतला ढिलेपणा बघा आणि सबफ्रेमच्या वेल्डिंगवर नवा रंग मारलेला असेल, तर तो खरवडून खाली तडा नाही ना, हे पाहूनच पैसे द्या. तेलाची गळती शोधताना पाइपवरून हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. दाबाखालचे तेल सुईएवढ्या छिद्रातूनही कातडी भेदून आत जाते आणि ती जखम लहान दिसली, तरी त्याच दिवशी शस्त्रक्रियेची गरज पडू शकते.