पॅसिव्ह की ॲक्टिव्ह फायबर? आधी खांबावरची लाइट बघा

सांगलीत नवं इंटरनेट कनेक्शन घ्यायचं म्हटलं की दारात दोन-तीन ऑपरेटरांची माणसं तरी येतात, आणि प्रत्येकाचं वाक्य एकच: "सर, प्युअर फायबर आहे." प्लॅनचे दर आणि फुकटच्या ओटीटीचं बाजूला ठेवा, ते सणासुदीला बदलतातच. विचारायचं ते हे की गल्लीच्या बॉक्समध्ये काय बसवलंय, एका धाग्यातला प्रकाश अनेक घरांना वाटणारा काचेचा स्प्लिटर की विजेवर चालणारा स्विच? स्प्लिटर असेल तर नेटवर्क पॅसिव्ह, स्विच असेल तर ॲक्टिव्ह. विश्रामबागच्या बाजूला राहून मी दोन्ही वापरलीत.

कागदावर ॲक्टिव्ह सरस दिसतं, हे आधी मान्य करतो. स्विचवर तुमचं स्वतःचं पोर्ट असतं आणि अपलोड-डाउनलोड सारखंच मिळतं. पॅसिव्हमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या जीपॉनमध्ये, एका धाग्यावर बहुधा ३२ घरं असतात, कधी ६४. खाली येणारे सुमारे २.५ गिगाबिट आणि वर जाणारे १.२५ गिगाबिट सगळ्यांत वाटून. अपलोडला तर म्हैसाळ सिंचन योजनेच्या पाण्याचं आवर्तन असावं तशी पाळी असते: ऑपरेटरच्या ऑफिसमधलं मुख्य यंत्र, म्हणजे ओएलटी, प्रत्येक घरच्या मोडेमला वेळ नेमून देतो, त्याच वेळात त्यानं बोलायचं. एखाद्याचा मोडेम बिघडून पाळी सोडून बडबडायला लागला, तर त्या धाग्यावरच्या सगळ्यांचं नेट अडखळतं, आणि नेमका कोणाचा मोडेम ते शोधताना ऑपरेटरला घाम फुटतो. ॲक्टिव्हमध्ये शेजाऱ्याची भानगड बहुतेक वेळा शेजाऱ्याच्याच पोर्टवर राहते.

पण "तुमचं स्वतःचं पोर्ट" हे खरं फक्त स्विचपर्यंत. २४ पोर्टांच्या स्विचला मागून एकच गिगाबिटची लाइन असेल, तर सगळे एकदम तुटून पडल्यावर वाट्याला चाळीसेक एमबीपीएस येतात. जीपॉनवर ३२ घरांत अपलोडचा हिशेबही जवळपास तेवढाच निघतो, डाउनलोडचा तर दुप्पट. वाटणी दोन्हीकडे आहे, जागा तेवढी वेगळी. आणि सगळे एकदम तुटून पडतात कधी? रात्री नऊच्या सुमारास मला दोन्हींत म्हणावा असा फरक जाणवला नाही. तुम्हाला जाणवेलही, मी काही मीटर लावून बसलो नव्हतो.

माझं ठरलं ते स्पीडवर नाही, लाइटवर.

घरी इन्व्हर्टर आहे. लाइट गेली तरी पंखा फिरतो, राउटर चालू, वायफायच्या काड्या पूर्ण, आणि नेट शून्य. कारण स्विच दोन गल्ल्या पलीकडे कुणाच्या तरी गच्चीवर, त्यांच्याच मीटरवरून लाइट घेऊन बसलेला. सोबत छोटा यूपीएस असतो म्हणे, पण त्याची बॅटरी कधी बदलली हे कुणालाच ठाऊक नसतं. फोन केला की ठरलेलं उत्तर: "तिथली लाइट गेलीय सर, आली की होईल चालू." याहून चीड आणणारा प्रकार म्हणजे एक फेज जाणे. आमच्याकडे झगझगीत उजेड, त्यांच्याकडे अंधार, आणि ऑफिसचा कॉल मधेच बंद. एकदा तर त्या घरची मंडळी गावाला जाताना मेन स्विच पाडून गेली होती. त्यांची काय चूक? गॅस आणि मेन स्विच बंद करूनच आपणही गावाला जातो.

त्यात एप्रिल-मे. वळवाचा एक कडकडाट झाला की पोर्ट जळतात, विशेषतः स्विचपासून घरापर्यंत फायबर नसून लॅन केबल आणलेली असेल तर. तांब्याच्या तारेतून तो झटका थेट राउटरपर्यंत येतो. अशा जोडणीलाही फायबरच म्हणून विकतात, म्हणून घरात शिरणारी तार डोळ्यांनी बघा.

स्प्लिटरला लाइटच लागत नाही. तो नुसता प्रकाश वाटतो. ओएलटीपासून तुमच्या भिंतीपर्यंत, साधारण २० किलोमीटरपर्यंत, मधे विजेवर चालणारं काही नाही. सांगलीत बसवलेला ओएलटी मिरज-कुपवाडला आरामात पुरतो, आणि बॅटरी-जनरेटर सांभाळायचा तो त्या एकाच जागी. आपण फक्त घरचा १२ व्होल्टचा मोडेम जिवंत ठेवायचा, त्याला छोटा यूपीएसही पुरतो.

कृष्णाकाठच्या लोकांना आणखी एक सांगावंसं वाटतं. २०१९ किंवा २०२१ सारखा पूर आला की पाण्यातल्या भागाची वीज बंद ठेवावीच लागते. तुमचं घर उंचावर कोरडं असेल, पण स्विच त्या भागात असेल, तर वीज परत येईपर्यंत नेट विसरा. स्प्लिटरच्या बॉक्समध्येही पाणी शिरून जॉइंट खराब होतात, नाही असं नाही, पण वीज बंद झाली म्हणून तो थांबत नाही.

पॅसिव्हचा त्रास वेगळा. सिग्नल वाटेत किती कमी होतो ते डीबीत मोजतात, आणि १:३२ चा स्प्लिटरच सुमारे १७ डीबी खातो. नेहमीच्या उपकरणांना सगळं मिळून २८ डीबीची मुभा, म्हणजे घाईत मारलेले जॉइंट आणि दुमडलेली केबल यांना फारशी जागा उरत नाही. मोडेमपाशी येणाऱ्या सिग्नलचा आकडा मायनसमध्ये असतो, शून्यापासून जितका दूर तितका सिग्नल कमजोर. मायनस २७ च्या आसपास सिग्नल गेला की मोडेमवर लाल दिवा, आणि त्याच्या थोडं अलीकडे असेल तर नेट येत-जात राहतं, ते लाल दिव्यापेक्षाही वाईट. जोडणी करणाऱ्या पोराला पॉवर मीटर लावून आकडा दाखवायला सांगा. मायनस वीस-बावीस असेल तर चहा पाजा. पंचविशीच्या पुढे असेल तर जॉइंट परत मारून घ्या, शिडी उतरू देऊ नका.

गळीत हंगामात उसाच्या उंच ट्रॉल्या केबल ओढून नेतात, तिथं मात्र दोघेही सारखेच लटकतात.

ॲक्टिव्ह कुणी घ्यावं? ज्यांच्या अपार्टमेंटमध्ये स्विच खालीच आहे आणि जनरेटरवर आहे, त्यांनी खुशाल. रोज मोठ्या व्हिडिओ फायली चढवणाऱ्यांनीही विचार करावा, पण आधी ऑपरेटरकडे एक्सजीएस-पॉन, म्हणजे जीपॉनची पुढची पिढी, आलंय का ते विचारावं. त्यात दोन्ही बाजूंना १० गिगाबिट असतात, आणि धागा व स्प्लिटर तेच राहून फक्त टोकांची उपकरणं बदलतात.

बाकीच्यांनी पैसे भरण्याआधी पुढच्या वेळी लाइट जायची वाट बघावी. तेव्हा गल्लीत कुणाचं नेट चालू राहतंय ते विचारावं, आणि त्याच्या ऑपरेटरचा नंबर घ्यावा.