टेली-मानस १४४१६: पॅरिशमध्ये काम करणाऱ्यांसाठी कितपत उपयोगी?
वसईकडच्या गावांत मयताच्या घरी बऱ्याचदा आधी पोचतात ते फादर, सिस्टर किंवा पॅरिशचे, म्हणजे गावच्या चर्चचे, कार्यकर्ते. त्यांच्या हाताशी असावीच अशी टेली-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आधारासाठीची मोफत फोन-सेवा, नंबर १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक भेटतो, गरज पडली तर तो पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतो. ही दोन पायऱ्यांची रचना मला पटते.

चुकतं ते चिठ्ठीवर नंबर लिहून निघून जाण्यात. धक्क्यातला माणूस स्वतः फोन करत नाही. शेजारी बसा, पाणी द्या, विचारून मगच फोन तुम्ही लावा आणि उठून ओसरीवर थांबा. ‘नेमकं काय झालं?’ असं खोदून विचारू नका. बळेच बोलतं केल्याने त्रास वाढू शकतो. ‘देवाची इच्छा’ तर नकोच. जीव द्यायचं बोलत असेल तर एकटं सोडू नका. धोका समोर दिसत असेल तर थेट ११२ हा आपत्कालीन नंबर लावा.

पाहुणे पांगल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी, पुन्हा दार वाजवायचं काम हेल्पलाइन करत नाही. ती तारीख पॅरिशच्या वहीत आजच लिहा.