मॉर्निंग ड्यूटीच्या आयांसाठी : इंदूरच्या लोकमान्य नगरातलं पाळणाघर (४ स्टार)

मी आयसीयूत स्टाफ नर्स, अकरा वर्षं झाली. मागच्या वर्षी राजीनामा दिला होता. कामाला कंटाळून नव्हे. लेकीला ठेवायचं कुठे, ते सुटेना. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, ती मिळाली. त्याच कायद्यात ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, आईला दिवसातून चारदा तिथे जाऊ द्यायला हवं, असंही आहे. आमच्याकडे (नाव घेत नाही) दारावर पाटी आहे, आत बंद पडलेले मॉनिटर आणि मोडक्या व्हीलचेअर. बरोबरीची एक इन्शुरन्सचे क्लेम तपासायला गेली. नाइट नाही, पाय सुजणं नाही. मीही तिकडेच निघाले होते.

इंदूरमध्ये मी पाहिलेली बाकीची पाळणाघरं ९ ला उघडतात आणि आमची मॉर्निंग ८ ला लागते! इथल्या मावशी सव्वासातला दार उघडतात. कागदावर ड्यूटी २ ला संपते, पण हँडओव्हर (पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवणं) असतो, त्यात एखादा पेशंट बिघडला की झालंच. पहिल्या दिवशी साडेतीनला धापा टाकत पोचले, तर मावशी म्हणाल्या, "आधी पाणी पी. झोपलीय ती." जादा पैसे घेतले नाहीत.

खरं म्हणजे मी ठरवलं ते त्यांचा फ्रिज बघून. प्रत्येक बाटलीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर बाळाचं नाव आणि दूध काढल्याची वेळ. आम्ही सिरिंजवर लावतो, अगदी तसं. विचारलं तर म्हणाल्या, "तुमच्यातल्याच एका सिस्टरने शिकवलं. बाहेर राहिलेलं दूध चार तासांनी फेकायचं." ती चिकटपट्टी कुठल्या वॉर्डातून आली, हे मी विचारलं नाही. त्याच आठवड्यात मेट्रनना (आमच्या मुख्य सिस्टर) फोन केला. जागा रिकामीच होती. आमच्याकडे ती नेहमीच असते.

एक स्टार कापला तो रविवारच्या सुट्टीसाठी. आमचा ऑफ रविवारीच येतो असं कुणी सांगितलं? नाइटचीही सोय नाही. माझ्या नाइटच्या आठवड्यात आई देवासहून येते. जिना अंधारा आहे, बाळ कडेवर असताना जपून. महिना ४,५०० रुपये, खाणं धरून.

पाच वाजता मोठ्या मुलांना पोहे देतात, शेव न घालता. घशात अडकते म्हणून. पटतं, पण इंदूरच्या पोरांचे चेहरे बघवत नाहीत.