वायरगार्ड आणि सिंकथिंग : दोन घरांची नेटवर्क जोडून काही महिने वापरल्यानंतर

वायरगार्ड, म्हणजे दोन नेटवर्कमध्ये इंटरनेटवरून कूटबद्ध बोगदा (टनेल) टाकणारं सॉफ्टवेअर, चालू करणं हा या सगळ्यातला सोपा भाग निघाला. हे आधीच सांगते, कारण सेटअपचे बहुतेक व्हिडिओ "हँडशेक झाला, काम फत्ते" इथेच, म्हणजे दोन टोकांची ओळख पटली की, संपतात आणि खरी डोकेदुखी तिथून पुढे सुरू होते.

आमची गरज साधी. माझ्याकडे नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेली फायलींची साठवण), दादाच्या घरी एक जुना विंडोज डेस्कटॉप. आई-बाबांची कागदपत्रं, घरातले सगळे फोटो आणि दादाच्या व्हिडिओंचं कच्चं शूटिंग दोन्हीकडून उघडता यायला हवं होतं, आणि क्लाउडला दरमहा भाडं द्यायचं नव्हतं. राउटरवर ४४५ पोर्ट (फाइल शेअरिंगचं दार) इंटरनेटला उघडून थेट फोल्डर शेअर करू, असं दादाचं म्हणणं होतं. त्याला मी ठाम नाही म्हटलं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरला तो याच शेअरिंगच्या, म्हणजे एसएमबीच्या, जुन्या आवृत्तीतल्या भोकातून. इंटरनेटवर उघडं पोर्ट दिसलं की ते चाचपून बघणारे बॉट येतातच.

म्हणून दोन्ही घरी एकेक रास्पबेरी पाय (छोटा संगणक) आणि त्यावर वायरगार्ड. २०२० साली ते लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ५.६ आवृत्तीत आलं, तेव्हापासून वेगळं काही बसवायची फारशी गरज राहिलेली नाही. त्यात युजरनेम-पासवर्ड हा प्रकारच नाही. प्रत्येक बाजूची किल्ल्यांची एक जोडी (एक गुप्त, एक सार्वजनिक), आणि समोरच्याची सार्वजनिक किल्ली आपल्याकडे. ओळखीची किल्ली नसलेल्या पॅकेटला (डेटाच्या तुकड्याला) ते उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ता लागत नाही. मला सगळ्यात आवडलेला गुण हाच.

हात घालण्याआधी एक गोष्ट तपासा. राउटरच्या पानावर जो वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता दिसतो तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनीने बाहेरचा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. त्या आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीच्या) पत्त्यावर बाहेरून कुणी पोचू शकत नाही. दादाचं तसंच होतं, माझं नव्हतं. एक बाजू मोकळी असली की भागतं. दादाच्या पायने माझ्याकडे जोडणी करायची आणि दर २५ सेकंदांनी एक कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारं छोटं पॅकेट) पाठवत राहायचं, म्हणजे वाट बंद होत नाही. दोन्ही बाजू अडकलेल्या असतील तर मध्ये एखादा छोटा सर्व्हर भाड्याने घ्या, नाहीतर सरळ टेलस्केल वापरा. तेही आतून वायरगार्डच आहे, फक्त किल्ल्यांची देवाणघेवाण त्यांच्या सर्व्हरमार्फत होते. ज्याला कमांड लाइनचा कंटाळा आहे त्याला मी डोळे झाकून तेच सुचवीन.

दुसरी अडचण हमखास येणारी : दोन्ही घरी आतल्या पत्त्यांची १९२.१६८.१ हीच मालिका. पत्ते सारखे असतील तर पॅकेट टनेलकडे जातच नाही, घरातच शोधत बसतं. ज्या घरी कमी उपकरणं आहेत तिथली मालिका बदला. आम्ही दादाकडची १९२.१६८.५० केली. मग दोन्ही राउटरवर समोरच्या मालिकेसाठी आपल्या पायकडे जाणारा स्टॅटिक रूट (कायमचा मार्ग) टाकला आणि दोन्ही पायवर आयपी फॉरवर्डिंग (आलेलं पॅकेट पुढे पाठवणं) चालू केलं.

इथवर पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का ते बघणारं पॅकेट) जायला लागला. फोल्डरची यादीही दिसली. पण मोठी फाइल कॉपी करायला घेतली की दादाचा फोन : "अगं, नुसतं गोल गोल फिरतंय!" याचं कारण बघण्यासारखं आहे. वायरगार्डने एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) धरला होता १४२० बाइट. आमचं टनेल आयपीव्ही६ (नव्या पद्धतीच्या पत्त्यां) वरून जात होतं, त्यात प्रत्येक पॅकेटवर ८० बाइटचं वेष्टन चढतं, म्हणजे बरोबर १५००. दादाचं कनेक्शन मात्र पीपीपीओईचं (पॅकेटमधले आठ बाइट स्वतःसाठी घेणारी जोडणीची पद्धत), आणि त्यातून १४९२ च्या वरचं काही जात नाही. सगळं आठ बाइटवर अडलं होतं! पिंगचं पॅकेट चिमुकलं, म्हणून ते बिनबोभाट जायचं. फाइलची भरलेली पॅकेटं वाटेतच गळायची. दोन्ही टोकांना १४१२ केलं आणि कॉपी धावायला लागली. "पिंग होतो पण फाइल जात नाही" अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी हे बघा.

विंडोजवर आणखी एक गंमत. फाइल शेअरिंगचे फायरवॉलचे नियम मुळात फक्त आपल्याच सबनेटपुरते (पत्त्यांच्या मालिकेपुरते) असतात. समोरच्या घराची मालिका त्या नियमाच्या स्कोपमध्ये घालावी लागते. फायरवॉलच बंद करा, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आणि 'नेटवर्क'मध्ये समोरचं मशीन आपोआप दिसणार नाही, कारण ती शोधाशोध टनेल ओलांडत नाही. पत्ता टाइप करून शॉर्टकट बनवून ठेवायचा.

आता वेगाचं. एका घराचं डाउनलोड म्हणजे दुसऱ्या घराचं अपलोड, त्यामुळे जाहिरातीतल्या मोठ्या आकड्याचा इथे काही उपयोग नाही. २० एमबीपीएस अपलोड असेल तर सेकंदाला जेमतेम अडीच एमबी. १०० जीबी जायला ११ तास. शिवाय एसएमबी भयंकर बडबडं. एकेका फाइलसाठी कितीतरी वेळा विचारणा-उत्तर चालतं. घरात हे मिलिसेकंदाच्या आत होतं, टनेलमधून प्रत्येक फेरीला त्याच्या कितीतरी पट वेळ. एखादी पीडीएफ छान उघडते. हजारो फोटोंचं फोल्डर थंबनेलसकट उघडायला गेलात तर चहा करून या. व्हिडिओ तर लांबून एडिट करायच्या भानगडीतच पडू नका.

म्हणून फोटो आणि शूटिंग आम्ही सिंकथिंगवर, म्हणजे दोन ठिकाणचे फोल्डर सारखे ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, टाकलं. दोन्ही घरी पूर्ण प्रत, बदल झाला की तेवढाच जातो. पहिली भर बाहेरच्या हार्ड डिस्कवरून घातली. मग सिंकथिंगने दोन्हीकडचे तुकडे ताडून पाहिले आणि फरक तेवढा पाठवला. पत्ते टनेलमधलेच दिलेत, ग्लोबल डिस्कव्हरी आणि रिले (बाहेरच्या सर्व्हरमार्फत एकमेकांना शोधणं आणि डेटा पाठवणं) बंद. खरं सांगायचं तर सिंकथिंगचं स्वतःचं टीएलएस (कूटबद्ध जोडणी) आहे, ते टनेलशिवायही सुरक्षितच चालतं. तुम्हाला फक्त फोल्डर सारखे ठेवायचे असतील तर वायरगार्डचा घाटच घालू नका. आम्हाला नॅसवरची कागदपत्रं लांबून लागतात, म्हणून दोन्ही.

सिंकथिंगला बॅकअप मात्र समजू नका. एकीकडे पुसलं की दुसरीकडेही पुसलं जातं. व्हर्जनिंग (जुन्या प्रती राखून ठेवणं) चालू केल्यावरच मला झोप लागायला लागली, आणि नॅसचा वेगळा बॅकअप आहेच. एकच हिशेबाची फाइल दोघांनी एकाच वेळी बदलली की नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' असलेली दुसरी प्रत उगवते. ती जुळवायचं काम माणसाचंच. म्हणून असल्या फायली आम्ही नॅसवरूनच उघडतो.

टनेल झालं म्हणजे दोन्ही घरं एकमेकांना सताड उघडी करायची असं नाही. माझ्या पायवर दादाकडून येणाऱ्याला फक्त नॅस, आणि त्यावरही ४४५ आणि २२००० (सिंकथिंगचं) ही दोनच पोर्टं. त्याच्याकडच्या टीव्हीला किंवा मुलांच्या टॅबला माझ्या घरात काही काम नाही.

एक खुसपट अजून आहे. माझा पत्ता बदलता, म्हणून डायनॅमिक डीएनएसचं नाव (बदलत्या पत्त्याकडे नेणारं कायमचं नाव) दिलंय. पण वायरगार्ड ते नाव सुरू होतानाच एकदा शोधतं. माझा राउटर रीस्टार्ट झाला की दादाचा पाय जुन्याच पत्त्याला हाका मारत राहतो. वायरगार्डच्या साधनांसोबत नाव पुन्हा शोधणारी एक स्क्रिप्ट येते, ती त्याच्याकडे टायमरवर लावली आहे. त्याच्या पायचे अपडेट मात्र मी तो घरी असतानाच करते. टनेल पडलं तर आत शिरायला माझ्याकडे दुसरा रस्ता नाही, आणि प्लग काढून परत लावायला तिथे कुणीतरी लागतं.