हॅश ब्राउन: ताजा बटाटा की फ्रोझन कीस?

अमेरिकेतल्या गावाकडच्या न्याहारीत अंडी, सॉसेजच्या जोडीला हॅश ब्राउन (तेलात खरपूस भाजलेला बटाट्याचा कीस) हवेतच. ताजा बटाटा किसलात तर तो धुऊन स्टार्च काढा आणि फडक्यात घट्ट पिळा. नाहीतर कीस खरपूस होण्याऐवजी वाफेवर शिजून चिकट होतो. शिवाय हवा लागली की काळा पडतो, ते वेगळंच.

फ्रोझन कीस बहुतेकदा आधीच अर्धवट शिजवलेला असतो. पाकिटातून थेट तापलेल्या तेलात टाका, आधी वितळवू नका. पातळ पसरा, 6-7 मिनिटं हात लावू नका; कडा तांबूस दिसल्या, कुरकुर आवाज आला की एकदाच उलटा.

चव ताज्याचीच सरस. पण घाईच्या सकाळी मी पाकीटच फोडते आणि वाचलेला वेळ अंड्यांना देते.