मोठ्या टाइपाचे मराठी पवित्र शास्त्र: आठ महिन्यांच्या वापरानंतर

फोनमध्ये दोन-तीन मराठी भाषांतरे असताना छापील बायबल विकत घेण्याची गरज काय, असा प्रश्न आमच्या घरात विचारला गेला होता आणि तो रास्तही होता. बायबल सोसायटी ऑफ इंडियाने प्रकाशित केलेल्या मराठी पवित्र शास्त्राची मोठ्या टाइपाची प्रत मी आठ महिन्यांपूर्वी घेतली. त्याआधीची सहा वर्षे माझे सगळे वाचन फोनवरच्या एका मोफत ॲपवर होत असे. छपाई-बांधणीविषयी लिहिणार आहेच, परंतु मला मुख्यतः एवढेच तपासायचे होते, की नोकरी, मुलांचे डबे आणि सतत वाजणारा फोन यांच्या धबडग्यात दिवसाचा पहिला अर्धा तास देवाला देण्यासाठी या पुस्तकाची मदत होते की नाही.

ॲपवर अन्याय नको म्हणून त्याचे गुण आधी सांगते. एखाद्या वचनातला एकच शब्द आठवत असेल, तर ते क्षणात सापडते. सासूबाईंना आता बारीक अक्षर दिसत नाही; त्या दुपारी आडवे पडून स्तोत्रे ऐकतात आणि संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत त्यातलेच वचन पाठ म्हणून दाखवतात. अडचण ॲपपेक्षा ते ज्या यंत्रात राहते, त्या यंत्राची होती. पहाटे साडेपाचला योहानकृत शुभवर्तमान उघडावे, तर पडद्याच्या माथ्यावर शाळेच्या गटातला निरोप झळकत असे, की आज मुलांना पांढरे बूट घालून पाठवा. मग बुटांची शोधाशोध, मग दूध उतू जाणे, मग बसची वेळ. एकदा तिसऱ्या अध्यायात निकदेम रात्री येशूकडे आला, तिथेच माझे वाचन थांबले. रात्री जेवणानंतर फोन उघडला, तेव्हा निकदेम बिचारा अजून दारातच उभा होता.

त्याहून वाईट म्हणजे सलग किती दिवस वाचन झाले, हे सांगणारा आकडा. सुरुवातीला त्याने शिस्त लावली, हे मान्य करायला हवे. पुढे मात्र पावणेबारा वाजता, डोळे मिटत असताना, केवळ तो आकडा वाचवण्यासाठी मी एखादे आखूड स्तोत्र उघडू लागले. स्तोत्र ११७ मध्ये दोनच वचने आहेत, हे मला अभ्यासामुळे नव्हे, तर या हिशेबामुळे ठाऊक झाले. एका नातेवाइकाच्या अंत्यविधीला गावी गेलो असताना एक दिवस चुकला आणि २१२ चा आकडा पुन्हा १ वर आला. तेव्हा प्रार्थना राहून गेल्यापेक्षा आकडा गेल्याचे वाईट मला अधिक वाटले. देवाला पहिले स्थान देण्यासाठी घेतलेल्या साधनानेच ते स्थान हळूच बळकावले होते आणि मी त्याला जागा करून दिली होती.

छापील प्रतीचा सर्वांत मोठा गुण असा, की तिला दुसरे काहीही येत नाही. रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जरला लावून ठेवते आणि पुस्तक जेवणाच्या टेबलावर. वाचन व प्रार्थना झाल्याखेरीज स्वयंपाकघराकडे वळायचे नाही, एवढाच नियम. टाइप ठसठशीत आहे, पहाटेच्या मंद दिव्यातही चष्मा न शोधता वाचता येतो. कागद पातळ असल्यामुळे पेन्सिलीने हलकी खूण करणे बरे. शाईचे पेन मात्र चालवू नये. वजन बऱ्यापैकी असल्याने ही प्रत दररोज पिशवीतून नेण्यासारखी नाही, आणि माझ्या दृष्टीने तेही सोयीचेच ठरले, कारण तिच्यापाशी येऊन बसावे लागते.

वाचनाचा वेगही बदलला. संपूर्ण बायबलात १,१८९ अध्याय आहेत आणि वर्षात ते संपवायचे, तर दररोज तीन-चार अध्यायांची घोडदौड करावी लागते. ती सोडून मी स्तोत्र ११९ घेतले. इब्री म्हणजे हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांप्रमाणे त्याचे आठ-आठ वचनांचे २२ भाग पडतात. रोज एक भाग, असे बावीस दिवस, आणि कोठेही आकडा नाही.

भाषेविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण या भाषांतराची भाषा जड आहे, अशी तक्रार आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुणांकडून नेहमी ऐकू येते. ती काही अंशी खरी आहे. 'नीतिमत्त्व' हा शब्द माझ्या सातवीतल्या मुलीला समजावून सांगावा लागला. परंतु मत्तय ६:३३ मधले 'पहिल्याने त्याचे राज्य व त्याचे नीतिमत्त्व मिळवण्यास झटा' हे शब्द मोठ्याने वाचून पाहावेत. 'झटा' या क्रियापदात घाम आहे; नुसते 'शोधा' म्हटले असते, तर ते आरामखुर्चीत बसूनही करता आले असते. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशूच्या पाहुणचारात गुंतलेल्या मार्थेची 'तारांबळ' होते आणि येशू तिच्या 'दगदगी'वर बोट ठेवतो. डबे भरण्याआधी हे दोन शब्द वाचताना कोणाही मराठी गृहिणीला भाष्याची गरज पडणार नाही. मराठीत नव्या कराराची छपाई विल्यम केरी यांच्या बंगालमधील श्रीरामपूर मिशनने १८११ मध्ये केली, त्याला आता दोन शतके उलटून गेली. पंडिता रमाबाईंनी इब्री व ग्रीकवरून साध्या मराठीत केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये छापून आले. म्हणजे 'सोपे करा' ही मागणीही शंभर वर्षांची जुनी आहे. मुलांसाठी एखादे सोपे भाषांतर जवळ ठेवावे, असे मीही सुचवीन, मात्र मोठ्याने वाचण्यासाठी मला हेच भावते.

चेनचे कव्हर मी एका दुसऱ्या दुकानातून वेगळे घेतले आणि तो खर्च वाया गेला. चार महिन्यांत चेन अडकू लागली, आणि एका सकाळी तिच्याशी झगडण्यातच दहा मिनिटे गेली. आता पुस्तकाला आईने दिलेला खणाच्या कापडाचा तुकडा गुंडाळते.

ज्यांना प्रवासात वाचावे लागते किंवा अक्षर वाचणेच शक्य नाही, त्यांनी ॲप सोडू नये. मीही बसमध्ये कानाला लावून ऐकते. घरातल्या पहाटेसाठी मात्र मोठ्या टाइपाची प्रत घ्यावी, कव्हर घेऊ नये, आणि विकत घेण्यापूर्वी दुकानातच स्तोत्रसंहितेचे एखादे पान उघडून, आपल्याला ते चष्म्याविना वाचता येते की नाही, हे पाहून घ्यावे.