आमच्या प्रभागाच्या ग्रामपंचायत सदस्या : पाच पावसाळ्यांच्या कामाचा आढावा

जानेवारी 2021 मधील ग्रामपंचायत निवडणुकीत उत्तर रत्नागिरीतील आमच्या खाडीकाठच्या गावात ज्या सदस्या आमच्या प्रभागातून निवडून आल्या, त्यांच्या कामाबद्दल मी हे लिहीत आहे. प्रभागात तीन वाड्या येतात : खाडीलगतची खालची, मधली आणि सड्याच्या (जांभ्याच्या पठाराच्या) पायथ्याची वरची. मी मधल्या वाडीत राहतो, घरामागे थोडी नारळ-सुपारीची बागायत आहे, आणि या काळात लहानमोठ्या कामांसाठी मला त्यांच्याकडे अनेकदा जावे लागले. गावात त्यांना सगळेच वहिनी म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन वापरतो.

ग्रामपंचायत सदस्याच्या हाती नेमके काय असते, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. एकट्या सदस्याला एक रुपयाचा खर्चही मंजूर करता येत नाही. धनादेशावर सही सरपंचांची आणि ग्रामसेवकांची (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) असते, आणि निर्णय मासिक सभेच्या ठरावाने होतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-26) निधीतील 60 टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बांधील असल्यामुळे रस्ते, पाखाड्या (दगडी पायवाटा), दिवे अशा कामांसाठी उरणारा वाटा मुळातच लहान होता. त्यामुळे ‘सदस्याने किती निधी आणला’ हा आपल्याकडे नेहमी विचारला जाणारा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. आपला अर्ज कुठवर पोहोचला आणि तो कोणत्या टेबलावर अडला, हे विचारल्यावर खरे उत्तर मिळते की नाही, यावर मी सदस्याचे काम जोखतो.

या बाबतीत वहिनींची पद्धत पहिल्या महिन्यापासून ठरलेली आहे. तोंडी तक्रार त्या ऐकून घेतात, पण तेवढ्यावर सोडत नाहीत. अर्ज दोन प्रतींत लिहायला सांगतात, लिहिता येत नसेल तर स्वतः लिहून देतात, ग्रामपंचायतीत आवक क्रमांक घालून घेतात आणि पोच घेतलेली प्रत अर्जदाराच्या हातात ठेवतात. ही गोष्ट साधी वाटेल, परंतु वरच्या वाडीतील ज्या वृद्ध स्त्रियांनी आजवर कार्यालयात केवळ ‘बघू, करू’ एवढेच ऐकले होते, त्यांच्या घरी आज तारीख आणि शिक्का असलेला कागद असतो आणि त्या पुढच्या ग्रामसभेत तो हातात धरून उभ्या राहतात. माझ्या घरपट्टीच्या नमुना 8 च्या उताऱ्यात पाडून टाकलेल्या गोठ्याची नोंद तशीच राहिली होती. ती दुरुस्त व्हायला सात महिने लागले, परंतु त्या सात महिन्यांत अर्ज कुठे आहे हे मला एकदाही शोधत बसावे लागले नाही.

त्यांची खरी कसोटी निवडून आल्यावर चारच महिन्यांत लागली. 16 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रातून उत्तरेकडे सरकले. त्याआधी 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने आडव्या केलेल्या बागा अजून सावरल्याही नव्हत्या. निसर्गच्या वेळी शासनाने फळबागांसाठी हेक्टरी 50,000 रुपयांची मदत जाहीर केली होती, पण कोकणात बागायत गुंठ्यांत मोजली जाते आणि सातबारा सामायिक असतो. एका सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावे, त्यांतील निम्मी मुंबई-ठाण्यात, काही तर मयत आणि वारसनोंद न झालेली. अशा वेळी झाडे जपणाऱ्याला मदत मिळण्यासाठी बाकीच्यांची संमतीपत्रे लागतात. निसर्गच्या वेळी ही गोष्ट लोकांना फार उशिरा कळली आणि कितीतरी घरांचे पैसे रखडले.

तौक्तेनंतर वहिनींनी पंचनाम्याची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी तीनही वाड्यांत फिरून, ज्यांचे सातबारे सामायिक आहेत त्यांची यादी केली. कोरोनाचे निर्बंध असल्यामुळे चाकरमान्यांना गावी येता येत नव्हते. त्यांच्याशी फोनवर बोलून, संमतीपत्राचा मसुदा मोबाइलवर पाठवून, सह्या केलेले कागद त्यांनी मागवून घेतले. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनाम्याला आले तेव्हा आमच्या प्रभागातील बहुतेक घरांचे कागद पिशवीत तयार होते, आणि पडलेल्या झाडांची मोजणी करताना त्या स्वतः बागांतून चालत होत्या. माझ्या चुलतभावांशी माझे बोलणे बंद असल्याने त्यांच्या सह्या मिळणार नाहीत असे मी गृहीत धरले होते. वहिनींनी त्यांच्याशी काय बोलणे केले ते मी विचारले नाही, सह्या आल्या. या एका कामासाठी मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

पाण्याच्या कामात त्यांचे यश अर्धे आहे. आमच्याकडे पाऊस उदंड पडतो, पण जांभ्याच्या सड्यावरून आणि कातळाच्या भेगांतून तो बघता बघता खाडीला मिळतो, आणि एप्रिल उजाडला की वरच्या वाडीच्या विहिरीचा तळ दिसू लागतो. जलजीवन मिशनचे उद्दिष्ट माणशी दररोज 55 लिटर पाण्याचे आहे. वरच्या वाडीत नळ आले, तोट्या बसल्या, पण मे महिन्यात उद्भवालाच, म्हणजे मूळ स्रोतालाच, पाणी नसेल तर नळ कोरडेच राहणार. हे ओळखून वहिनी दरवर्षी, पऱ्ह्याची (ओढ्याची) धार अजून वाहती असतानाच, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून श्रमदानाने वनराई बंधारा घालून घेतात. त्यामुळे विहिरीचे पाणी काही आठवडे अधिक टिकते, हे मी स्वतः पाहिले आहे. तरीही टँकर पूर्णपणे टळलेला नाही. विहिरीत पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर वेळेवर पडते की नाही यावर मात्र त्यांची नजर पक्की असते. पहिल्या पावसाचे गढूळ पाणी विहिरीत उतरले की जलसुरक्षकाबरोबर त्या स्वतः विहिरीवर जातात.

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत, आणि अशा जागेवर निवडून आलेल्या स्त्रीच्या नावाने नवऱ्याने कारभार पाहणे हे आपल्या भागाला नवे नाही. येथे तसे घडले नाही. त्यांचे यजमान मासिक सभेच्या दिवशी कार्यालयाच्या पायरीवरही दिसत नाहीत.

आता उणिवा. मधल्या वाडीतील सिमेंटचा रस्ता हे या कार्यकाळातील सर्वांत वाईट काम आहे. जुन्या पाखाडीवर गटाराची सोय न करता काँक्रीट ओतल्यामुळे रस्ता अंगणांपेक्षा उंच झाला, आणि तेव्हापासून प्रत्येक आषाढात चार घरांच्या पडवीत पाणी शिरते. मासिक सभेत त्या ठरावाच्या बाजूने वहिनींनीही हात वर केला होता. गटाराचा मुद्दा आम्ही आधीच लेखी दिलेला असताना त्यांनी तो सभेत लावून धरला नाही, हे मला आजही खटकते. ज्यांच्याबरोबर रोज काम करायचे त्यांना तोंडावर विरोध करणे त्यांना जड जाते, असे माझे निरीक्षण आहे. आणि सदस्याच्या बाबतीत हा दोष लहान नाही. किनाऱ्यावर पर्यटक टाकून जातात त्या प्लास्टिकच्या बाबतीतही पाच वर्षांत फलक लावण्यापलीकडे काही झाले नाही.

ग्रामसभेला माणसे जमवण्यात मात्र त्यांनी मन घातले. एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. आमच्यासारख्या अर्ध्या रिकाम्या गावात तीही अवघड होते आणि सभा तहकूब होते. चाकरमानी आंब्याच्या दिवसांत गावी असतात हे हेरून 1 मेच्या ग्रामसभेसाठी त्या घरोघरी निरोप देतात, आणि महत्त्वाचे विषय त्याच सभेत यावेत असा आग्रह धरतात.

वरच्या वाडीच्या पऱ्ह्यावरील साकवाचे (छोट्या पुलाचे) काम अजून व्हायचे आहे. ठराव झाला, अंदाजपत्रक तयार झाले, आणि कागद तालुक्याला अडकला आहे. गेल्या चैत्रात त्या वाडीत येऊन त्यांनी सर्वांसमोर सांगितले, “काका, यंदाच्या पावसाआधी साकव होणार नाही. मी प्रयत्न सोडलेला नाही, पण तुम्ही त्या भरवशावर राहू नका.” ते ऐकून काही जण नाराज झाले. परंतु त्या उत्तरामुळेच दोन घरांनी आपल्या शाळकरी मुलांची चार महिन्यांची सोय खालच्या वाडीत नातेवाइकांकडे वेळेत केली, आणि जून लागण्यापूर्वी वाडीतल्या तरुणांनी पऱ्ह्यावर पोफळीच्या खोडांचा तात्पुरता साकव घातला. त्याला बांधायला दोर वहिनींच्या घरून आला होता.